दोन इंजिनांच्या लढाऊ विमानाची कसोटी

ज्या श्रोत्यांनीं बैलगाडींतून प्रवास केला असेल, त्यांना माझा आजचा विषय समजावयास मुळींच अवघड जाणार नाहीं. दोन बैलांची गाडी भरधांव चालली असतां डावा बैल एकाएकीं खालीं बसला, तर काय होतें? उजवा बैल निम्म्या वेगानें गाडी सरळ पुढें ओढीत नेतो, असें कोणीहि शेतकरी म्हणणार नाहीं. जूं तिरपें होतें, गाडी डावीकडे गर्रकन् वळते, आणि गाडीवानानें उजव्या बैलाची वेसण वेळेवर खेंचली नाहीं तर ती रस्ता सोडून नाल्यांत जाते. 'दोन इंजिनें आहेत, एक बंद पडलें तरी दुसरें आहेच,' अशी समजूत सुशिक्षित मंडळींतहि सर्रास आढळते. विमानांचा कसून अभ्यास करणाऱ्यांना मात्र ती बैलगाडी कधीं विसरतां येत नाहीं. दुसरें इंजिन वैमानिकाला तारतें हें खरें. पण कांहीं विशिष्ट क्षणीं तेंच त्याचा घात करतें. ते क्षण कोणते, हें आधीं शोधून काढून कागदावर लिहून ठेवणें, हा लष्करी विमानांच्या कसोटीचा एक फार मोठा भाग आहे.

'अमुक विमान कसोटीस उतरलें' असें आपण वर्तमानपत्रांत वाचतों, तेव्हां त्या एका वाक्यांत दोन निरनिराळे प्रश्न दडलेले असतात. पहिला प्रश्न उड्डाणयोग्यतेचा. सांगाडा मजबूत आहे काय, वाऱ्याच्या तडाख्यानें पंख थरथरूं लागत नाहींत ना, तेल व पाणी योग्य मर्यादेंत तापतें काय, असा हा प्रश्न आहे. दुसरा प्रश्न हाताळणीचा. विमान सर्वस्वीं मजबूत असूनहि असें हट्टी असूं शकतें कीं, शंभरांतल्या पांच वैमानिकांनाच तें वश व्हावें. पहिल्या प्रश्नाचें बरेंचसें उत्तर जमिनीवर, पंखांवर वजनें लादून मिळवितां येतें. दुसऱ्याचें उत्तर देणारें यंत्र मात्र एकच. तें म्हणजे माणसाचा हात, पाय आणि प्रामाणिक स्मरणशक्ति.

हीं दोन्ही प्रकारचीं परीक्षणें कशीं होतात हें पाहावयाचें तर दुसऱ्या महायुद्धांतील 'मॉस्किटो' ह्या ब्रिटिश विमानासारखें उदाहरण नाहीं. मॉस्किटो म्हणजे डांस. डी हॅव्हिलंड कंपनीचे मुख्य आराखडाकार आर. ई. बिशप ह्यांनीं लंडनच्या उत्तरेस सॅलिस्बरी हॉल नांवाच्या एका जुन्या वाड्यांत बसून ह्या विमानाचा आराखडा तयार केला. सारें जग अॅल्युमिनियमचीं विमानें करीत असतां हें विमान लांकडाचें होतें! बर्च झाडाच्या पातळ फळ्यांमध्यें दक्षिण अमेरिकेंतील हलकें बाल्सा लांकूड घालून त्याची कुडी बनविलेली असे; आणि सांधे जोडण्यास आरंभीं दुधांतील केसीनपासून केलेला सरस वापरीत. त्यावर बंदुका ठेवावयाच्या नाहींत, केवळ वेगाच्या बळावर शत्रूच्या हातून निसटावयाचें, अशी मूळ कल्पना होती. १ मार्च १९४० रोजीं सरकारनें ५० विमानांची मागणी नोंदविली, आणि त्याच वर्षीं २५ नोव्हेंबरला पिवळ्या रंगानें रंगविलेलें पहिलें मॉस्किटो हॅटफील्डच्या मैदानावरून उडालें. चालक होते कंपनीच्या संस्थापकांचे चिरंजीव, धाकटे जेफ्री डी हॅव्हिलंड. शेजारीं इंजिनांची जोडणी आंखणारे जॉन वॉकर बसले होते. आपण आंखलेल्या इंजिनामागें स्वतः बसून आकाशांत जाणें, ही मला त्या धंद्यांतील मोठी निकोप रीत वाटते.

पहिलें उड्डाण सुमारें अर्ध्या तासाचें झालें. चाकांवरचीं झांकणें पुरतीं मिटत नव्हतीं आणि विमान किंचित् डावीकडे ओढत होतें. असल्या गोष्टी पहिल्या दिवशीं निघावयाच्याच. खरें दुखणें दहाबारा दिवसांनीं उघडकीस आलें. ताशीं सुमारें २४० मैलांच्या वेगापासून पुढें विमानाच्या शेपटीला धक्के बसूं लागले, व ते चालकाच्या हातांतील दांड्यापर्यंत पोहोंचूं लागले. रोग शेपटींत दिसतो, पण त्याचें मूळ कोठें आहे? हवा तर डोळ्यांना दिसत नाहीं. तेव्हां संशय असलेल्या जागीं लोंकरीचे आंखूड धागे चिकटवून विमान वर नेण्यांत आलें. जेथें हवा सुरळीत वाहते तेथें धागा पृष्ठभागाला चिकटून मुकाट्यानें राहतो. जेथें ती फुटते तेथें धागा वेड्यासारखा नाचतो. इंजिनांच्या कोशांचा मागचा भाग जेथें संपतो तेथें हवेची फाटाफूट होऊन ती शेपटीवर आदळते, असें ह्यावरून ठरलें. एवढें खर्चाचें यंत्र, आणि त्याची नाडी पाहण्यास आजीबाईंच्या टोपलींतली लोंकर! नाना उपाय करून पाहिल्यावर शेवटीं फेब्रुवारी १९४१ मध्यें ते कोश मागें लांबविण्यांत आले, तेव्हां शेपूट शांत झाली.

येथवरचें काम कंपनीच्या माणसांचें. पण बापानें मुलाची परीक्षा घेतली तर गुण थोडे सैल हातानें पडावयाचेच. म्हणून पुढील परीक्षा सरकारी असते. ब्रिटनमध्यें ती बॉस्कम डाउन येथील परीक्षणकेंद्रांत होत असे. मॉस्किटो तेथें १९ फेब्रुवारीला पोहोंचलें, आणि पांचच दिवसांनीं त्याची कंबर मोडली! तीहि आकाशांत नव्हे. खडबडीत मैदानावरून विमान चालत नेत असतां शेपटीखालचें चाक अडकलें व लांकडी कुडीला तडा गेला. दुसऱ्या एका नमुन्यासाठीं तयार होत असलेली कुडी वापरून तें उभें करण्यांत आलें आणि मार्चमध्यें परीक्षा पुढें सुरू झाली. वेग ताशीं सुमारें ३९० मैल भरला. त्या काळच्या कित्येक लढाऊ विमानांना तें मागें टाकीत होतें. ह्या विलक्षण आंकड्यानें सर्वांचे डोळे दिपले. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीनें हा आंकडा दुय्यम आहे.

हाताळणीची परीक्षा कशी होते? वैमानिकाच्या मांडीवर एक टांचणवही बांधलेली असते. विमानांत कधीं पुढें, कधीं मागें वजनें ठेवून त्याचा तोल मुद्दाम बदलतात. कारण युद्धांत बाँब टाकून झाल्यावर किंवा टाक्यांतील पेट्रोल संपत आल्यावर तोल असाच सरकणार असतो. सुकाणूचा दांडा किती जोरानें ओढावा लागतो हें स्प्रिंगच्या तराजूनें मोजतात. हात सोडला तर विमान आपोआप सरळ होतें, कीं अधिकाधिक खालीं मान घालीत जातें, हें पाहतात. वेग कमी करीत करीत पंखांखालचा आधार सुटेपर्यंत विमान नेतात, आणि कोसळण्यापूर्वीं तें कांहीं इशारा देतें काय, कोणता पंख आधीं पडतो, सांवरावयास किती उंची खर्ची पडते, हें टिपून ठेवतात. मग सूर मारून वेगाच्या वरच्या टोकाला जातात. हें सारें ऐकावयास शौर्याचें वाटतें. वस्तुतः तें जमाखर्च लिहिणाऱ्या कारकुनाच्या चिकाटीचें काम आहे. एकेक गोष्ट वीस वीस वेळां, निरनिराळ्या वजनानें, निरनिराळ्या उंचीवर करावयाची, आणि दरवेळीं जें घडलें तेंच लिहावयाचें. घडावेंसें वाटलें तें नव्हे.

आतां त्या बसलेल्या बैलाकडे वळूं. इंजिन बंद पडलें कीं चालू इंजिन विमानाचें नाक मेलेल्या बाजूकडे वळवूं लागतें. तें रोखावयास वैमानिकाजवळ एकच मुख्य साधन असतें. तें म्हणजे शेपटीवरचें उभें सुकाणूं, जें तो पायांनीं फिरवितो. ह्या सुकाणूला जोर येतो तो वाहत्या हवेचा. वेग निम्मा झाला कीं हा जोर निम्मा नव्हे, चौथाईवर येतो. इंजिनाचा जोर मात्र त्या प्रमाणांत घटत नाहीं. म्हणजे वेग कमी होत गेला कीं अशी एक घडी येते, जेव्हां पाय टोंकापर्यंत दाबूनहि नाक वळावयाचें थांबत नाहीं. विमान पालथें होऊं लागतें. जमीन जवळ असेल तर पुढें बोलावयास कांहीं उरत नाहीं.

ही घडी कोणत्या वेगाला येते, हें शोधण्याची पद्धत ऐकावयास साधी आहे. पुरेशा उंचीवर जाऊन एक इंजिन मंद करावयाचें, दुसरें पूर्ण जोरांत ठेवावयाचें, आणि चालू इंजिनाच्या बाजूला विमान किंचित् कलतें धरून वेग थोडथोडा उतरवीत जावयाचें. ज्या आंकड्यावर दिशा हातांतून सुटते, तो आंकडा टिपावयाचा. परंतु फार उंच जावें तर विरळ हवेंत इंजिनाचाच जोर घटतो आणि मर्यादा खोटीच सौम्य दिसते. फार खालीं राहावें तर चुकीला क्षमा नाहीं. शिवाय हळूहळू मंद केलेलें इंजिन निराळें आणि खाडकन् बंद पडलेलें निराळें. म्हणून तोहि प्रयोग करावा लागतो. आणि सर्वांत अवघड भाग पुढेंच आहे. परीक्षा घेणाऱ्याला इंजिन केव्हां बंद होणार हें ठाऊक असतें, कारण तें बंद करणारा तोच असतो. उद्यां ज्या वीस वर्षांच्या पोरानें अंधाऱ्या रात्रीं, बाँबांनीं भरलेलें तेंच विमान उडवावयाचें आहे, त्याला तें ठाऊक नसतें. काय झालें हें कळेपर्यंतच त्याचे एकदोन सेकंद जातात. म्हणून स्वतःला जो वेग पुरला त्यावर त्या पोरासाठीं शिल्लक टाकून सुरक्षित वेगाचा आंकडा ठरवावा लागतो. स्वतःच्या कौशल्याचा अभिमान बाळगणाऱ्या माणसाला ही शिल्लक टाकणें जड जातें; पण कसोटी वैमानिकाची खरी परीक्षा माझ्या मतें येथें होते.

मॉस्किटोच्या बाबतींत हा आंकडा फार मोलाचा होता, कारण विमान चपळ आणि इंजिनें जबर. पूर्ण वजनानिशीं तें ज्या वेगाला जमीन सोडी, तो ह्या सुरक्षित वेगाच्या बराच खालीं असे. म्हणजे चाकें सुटल्यापासून तो आंकडा गांठेपर्यंत कांहीं सेकंद असे जात कीं, त्या वेळीं दोन इंजिनें एका इंजिनाहून अधिक धोक्याचीं असत. त्यांत आणखी एक खोंच होती. दोन्हीं प्रॉपेलर एकाच दिशेनें फिरत. त्यामुळें उड्डाणाच्या वेळीं विमान डावीकडे झुकूं पाहे, आणि चालकाला डाव्या इंजिनाचा दांडा जरा आधीं पुढें सारावा लागे. बंद पडावयाचें तर डावें इंजिन बंद पडणें हेंच अधिक वाईट. मग अशा वेळीं करावें काय? जमीन सोडल्यावर लगेच वर चढण्याचा मोह टाळून आधीं वेग वाढवावा. आणि सुरक्षित वेग येण्यापूर्वींच इंजिन गेलें, तर चालू असलेल्या चांगल्या इंजिनाचाहि जोर कमी करावा व समोर दिसेल त्या जागीं सरळ उतरावें. आपला जीव वांचवूं पाहणाऱ्या इंजिनाला आपल्याच हातानें गप्प करावयाचें! माणसाची सारी उपजत बुद्धि ह्याच्या विरुद्ध ओरडते. म्हणूनच तें आधीं शिकवावें लागतें. आणि शिकविण्यासाठीं कोणीतरी तो आंकडा आधीं आणून द्यावा लागतो.

हें नीट लक्षांत यावें म्हणून एक विरोधाभास सांगतों. २० एप्रिल १९४१ रोजीं हॅटफील्ड येथें विमाननिर्मितीचे मंत्री लॉर्ड बीव्हरब्रुक ह्यांच्यापुढें मॉस्किटोचें प्रात्यक्षिक झालें. अमेरिकेचे जनरल अर्नोल्डहि तेथें उपस्थित होते. जेफ्री डी हॅव्हिलंड ह्यांनीं एकाच इंजिनावर विमान वर चढवीत चढवीत त्याला कुशीवर गरगर फिरविलें! पाहणारे थक्क झाले. हें खोटें होतें काय? मुळींच नाहीं. वेग भरपूर असतांना एका इंजिनावर मॉस्किटो खरोखरच तितकें आज्ञाधारक असे. तेंच विमान, तोच बिघाड. वेगाचा कांटा कोठें आहे, एवढाच काय तो फरक. प्रात्यक्षिक विमान किती करूं शकतें हें दाखवितें. कसोटीनें तें कोठें थांबतें हें दाखवावयाचें असतें.

त्या मर्यादेच्या खालीं जाणीवपूर्वक उतरण्याचा प्रसंगहि पुढें आला. विमानवाहू जहाजाचें डेक आंखूड असतें. तेथें नेहमीच्या वेगानें मॉस्किटो उतरविणें अशक्य. २५ मार्च १९४४ रोजीं ब्रिटिश नौदलाचे वैमानिक एरिक ब्राउन ह्यांनीं 'इंडिफॅटिगेबल' ह्या जहाजावर तें उतरवून दाखविलें. ब्रिटिश जहाजावर दोन इंजिनांचें विमान उतरण्याचा हा पहिला प्रसंग. त्यांनीं आधीं जमिनीच्या धांवपट्टीवर वेग उतरवीत उतरवीत पाहिलें, कीं इंजिनांचा जोर बराच चालू ठेवला तर प्रॉपेलरांच्या वाऱ्यावर विमान नेहमीपेक्षां कितीतरी मंद गतीनें तरंगत येतें. ह्याचा अर्थ उघड आहे. शेवटच्या टप्प्यांत एक इंजिन गेलें असतें तर त्यांना उपाय नव्हता. तें त्यांना पुरतें ठाऊक होतें. ब्राउन ह्यांनीं आयुष्यांत ४८७ प्रकारचीं विमानें चालविलीं आणि ते २०१६ सालीं, वयाच्या ९७ व्या वर्षीं वारले. इतकें दीर्घायुष्य ह्या धंद्यांत विरळा. धाकट्या जेफ्रींचे बंधु जॉन १९४३ त दोन मॉस्किटो विमानांच्या आकाशांतील टकरींत गेले, आणि स्वतः जेफ्री २७ सप्टेंबर १९४६ रोजीं एका नव्या जेट विमानाची कसोटी घेतांना मृत्यु पावले.

परीक्षा उत्तीर्ण झालेलें विमान कायमचें उत्तीर्ण असतें काय? ह्याचें उत्तर आपल्या हिंदुस्थानांतच मिळालें. १९४४ त ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठीं मॉस्किटो इकडे आलीं. त्या वर्षीं कांहीं विमानांचे पंख आकाशांतच निखळले आणि माणसें दगावलीं. नोव्हेंबरमध्यें विमानें जमिनीवर खिळवून तपासणी सुरू झाली. पावसाळ्यांत दारें फुगतात, पेटींतला तबला उतरतो, हें ज्या देशांत पोराबाळांना ठाऊक, तेथें संशय प्रथम हवेवर जावा हें साहजिकच होतें. कंपनीकडून आलेल्या मेजर हेरवर्ड डी हॅव्हिलंड ह्यांच्या पथकानेंहि पावसाळी हवेंत सांगाडा आकसल्यानें हें घडलें, असाच निर्वाळा दिला. पण मागाहून झालेल्या चौकशींत निराळेंच निघालें. ज्यांनीं पावसाळा कधीं पाहिलाच नव्हता अशा, इंग्लंडमध्येंच असलेल्या विमानांतहि तेच दोष सांपडले! कारखान्यांत सांधे नीट बसविले गेले नव्हते. फट सरसानें भरून निघेल अशी आशा केली गेली होती. पुढें पंखाच्या सांध्यावर पातळ फळीची पट्टी चिकटवून तो बंद करण्यांत आला. बॉस्कम डाउनला परीक्षा झाली होती ती नमुन्याची. प्रत्येक विमानाची परीक्षा ज्या सुताराच्या हातांत होती, त्याच्या शेजारीं कोणी टांचणवही घेऊन बसला नव्हता.

स्वातंत्र्यानंतर हें शास्त्र आपल्याकडेहि रुजलें. विमानांच्या परीक्षणासाठीं वायुदलाचें पथक १९५७ त कानपूरला उभें राहिलें, आणि पुढें त्याचें ठाणें बंगलोरला गेलें. बंगलोरच्याच हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यांत जर्मन आराखडाकार कुर्ट टँक ह्यांच्या मार्गदर्शनाखालीं 'मारुत' हें दोन जेट इंजिनांचें लढाऊ विमान तयार झालें. त्याची हाताळणी कशी असेल हें पाहण्यास आधीं त्याच आकाराचें बिनइंजिनाचें लांकडी विमान करून, १९५९ त तें डाकोटाच्या मागें बांधून आकाशांत नेलें व सोडलें होतें. अशीं ७८ उड्डाणें झाल्यावर, १७ जून १९६१ रोजीं विंग कमांडर सुरंजन दास ह्यांनीं खरें मारुत उडविलें.

मारुतमध्यें बैल एकमेकांपासून दूर नव्हते. दोन्ही इंजिनें कुडीच्या आंतच, अगदीं खेटून बसविलेलीं होतीं; त्यामुळें एक बंद पडलें तरी नाक फारसें वळत नसे. मनाजोगतें जोरदार इंजिन न मिळाल्यानें वेगाच्या बाबतींत हें विमान अपेक्षेस उतरलें नाहीं, त्याबद्दल त्याला बोलहि पुष्कळ लागले. पण १९७१ च्या युद्धांत राजस्थानच्या आघाडीवर गोळ्यांनीं एक इंजिन निकामी झालेलीं मारुत विमानें उरलेल्या एका इंजिनावर आपल्या तळावर परत आलीं. तें पाहावयास दास राहिले नव्हते. अधिक जोराच्या इंजिनांच्या मारुतची कसोटी घेतांना १० जानेवारी १९७० रोजीं बंगलोर येथें उड्डाणाच्या वेळींच अपघात होऊन त्यांचा अंत झाला. त्याच वर्षीं ३० एप्रिलला, नव्या वैमानिकांना शिकविण्यासाठीं केलेलें दोन आसनांचें मारुत प्रथम आकाशांत गेलें.